'नाही' म्हणायचं होतं, 'बघू' म्हणालो

भिडस्त लातूरकर | १२ जून, रात्री १०:४०

मंडळी, हा धागा काढावा की नाही याचाच दोन दिवस विचार करायलोय. एवढ्यावरून माझा स्वभाव ओळखा.

गावाकडं, अहमदपूरच्या पुढं, माझा चुलत भाऊ असतो. सगळे त्याला आबा म्हणतात. त्याच्या पोराला दहावीला ब्याण्णव टक्के पडले. आता लातूरला अकरावी आणि सोबत नीटची शिकवणी, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. परवा आबाचा फोन आला. "पोराला तुझ्याकडंच ठेवतो गा. मेसचं त्याला मानवत नाही. दोनच वर्षांचा प्रश्न हाय."

माझं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत आई, तिला रात्री तीनदा उठवून न्यावं लागतं. दुसऱ्या खोलीत आम्ही तिघं. लेक यंदा दहावीला. अभ्यासाचं टेबल एकच, त्याचाही एक पाय विटेवर.

मला 'नाही' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बघू."

बायको शेजारी गवार निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं 'बघू' म्हणजे 'हो' असतंय. त्यांनी गादीसुद्धा बांधून ठेवली असंल आतापर्यंत."

अडचण अशी की १९९८ ला माझ्या डिप्लोमाची फी भरायला याच आबानं गोऱ्हा विकला होता. ते तो कधी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं असतं तर एवढं जड गेलं नसतं.

मागं असंच 'बघू' म्हणत एका पाहुण्याच्या कर्जाला जामीन राहिलो. तो किस्सा पुन्हा कधीतरी, हप्ते अजून मीच भरतोय.

आमच्या ऑफिसात एकदा ट्रेनिंगला आलेले साहेब 'असर्टिव्ह व्हा, म्हणजे आपलं म्हणणं ठामपणे मांडा' म्हणून सांगून गेले. स्लाइडी छान होत्या. त्यांच्यात आबा कुठं नव्हता. काय बोलू, कसं बोलू?


खडूस नांदेडी | १२ जून, रात्री ११:०५

'जागा नाही' म्हणा आणि फोन ठेवा. एवढं काय रामायण करूलालाव?


भिडस्त लातूरकर | १२ जून, रात्री ११:०९

तुम्ही आबाला ओळखत नाही.


खडूस नांदेडी | १२ जून, रात्री ११:१२

आमच्याकडं पण एक आबा आहे. मी सरळ बोलतो म्हणून तो मला लग्नकार्याला बोलवत नाही. आहेर वाचतोय, लै सुख आहे.


मोंढ्यातला मुनीम | १३ जून, सकाळी ७:५०

वीस वर्षं आडतीवर हिशोब लिहितोय. बोलायचं कसं, हे मला एका म्हातारीनं शिकवलं, ते सांगतो. दुकानाचं नाव विचारू नका, पोट आहे.

सोयाबीनचा हंगाम होता. डोक्यावर पदर, नऊवारी, चौदा कट्टे (पोती) घेऊन बाई आलेली. आमच्या पोरानं मीटर लावलं, हवा आली चौदाच्या वर. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं दाण्यातल्या ओलाव्याला हवाच म्हणतात.) सौदा बारापर्यंतच्या मालाचा. पोरानं लगेच पाडून भाव सांगितला.

ती म्हणाली, "पुन्हा लाव लेकरा. दुसऱ्या कट्ट्यातलं घे."
"मावशी, मशीन खोटं बोलत नाही."
"नसंल बोलत. दुसऱ्या कट्ट्यातलं घे."
"मागं गाड्या थांबल्यात."
"थांबू दे. दुसऱ्या कट्ट्यातलं घे."

आवाज तोच. चढला नाही, रडवेला झाला नाही. मग तिनं स्वतःच मधल्या एका कट्ट्याचं तोंड सोडलं आणि मूठ पुढं धरली. हवा आली अकरा पूर्णांक आठ. पहिला कट्टा ताडपत्रीच्या कडेला होता, रात्रीच्या पावसात भिजलेला. तो एक बाजूला काढला, बाकीचे तेरा पुऱ्या भावानं गेले. जाताना पोराला म्हणाली, "चहा घेतलास का रं?" आणि गेली.

त्याच दिवशी दुसऱ्या एकानं मीटर उचलून आपटायची भाषा केली, माल परत गाडीत भरला, दुसऱ्या दुकानी गेला. तिथंही तोच भाव मिळाला, हमाली दुबार लागली. आणि बाकीचे कितीतरी जण पट्टी (हिशोबाची पावती) मुकाट खिशात घालून गेले, मग कोपऱ्यावरच्या टपरीवर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. असे गिऱ्हाईक मालकाला लै आवडतात. टपरीवर दिलेली शिवी पट्टीवर चढत नाही.


मनकवडी | १३ जून, दुपारी २:१५

संभाजीनगरला समुपदेशनाचं काम करते. मुनीमजी, तुमच्या म्हातारीनं जे केलं त्याला प्रशिक्षणात 'अडकलेली तबकडी' म्हणतात: वाद वाढवायचा नाही, आपलं एकच वाक्य त्याच सुरात पुन्हा ठेवायचं. प्रशिक्षणाची फी मी घेते, ती बाई चहाचं विचारून गेली!

ठामपणे बोलायचा हा विषय ऑफिसच्या स्लाइडींमधून आलेला नाही, मानसोपचारातून आला. अमेरिकेत अँड्र्यू साल्टर यांनी १९४९ मध्ये असं मांडलं की काही माणसांचा त्रास हा सगळं आत दाबून ठेवल्याचा असतो, त्यांना भावना बोलून दाखवायचा सराव द्यावा. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये त्याला भीतीवरच्या उपचाराशी जोडलं: माणूस ठामपणे आपलं म्हणणं मांडत असतो त्या घटकेला भीतीचा जोर कमी होतो, आणि पुन्हापुन्हा तसं केलं की तो प्रसंग भीतीचा राहत नाही. पुढं सत्तरच्या दशकात हे दवाखान्याबाहेर लोकांमध्ये पसरलं. लोकांसमोर बोलायची भीती, उगाच अपराधी वाटणं, यांत त्याचा उपयोग दिसला. आता वेगळं नाव क्वचित ऐकू येतं, कारण सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या उपचारात, ते मिसळून गेलंय.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला. आपल्याकडं तो कि. मो. फडके यांनी रुजवला. त्यातला पहिलाच अविवेकी समज असा: 'माझ्या जवळच्या प्रत्येकाला मी आवडलंच पाहिजे.' लातूरकर, आपला 'बघू' तिथून निघतो.

आता तुमच्या फोनबद्दल. कारणांनी सुरुवात करू नका. आपल्याकडं कारण सांगितलं की समोरचा ते सोडवायला घेतो. जागा नाही म्हणालात तर 'पोरगं हॉलमध्ये पडंल', आईचं सांगितलंत तर 'उलट मदतच होईल की'. पाच कारणं दिलीत तर पाचही सुटतील आणि पोरगं सहाव्या मिनिटाला दारात असेल. आधी निर्णय सांगा, मग एखादं कारण, मग जे खरंच करू शकता ते. आणि गोऱ्ह्याची गोष्ट तुम्ही स्वतःच काढा. तो उपकार मोठा आहे हे मोकळेपणी म्हणा. त्याची फेड खोलीनंच व्हायला हवी असं मात्र नाही.


खडूस नांदेडी | १३ जून, दुपारी २:३०

म्हणजे मी असर्टिव्हच आहे ना? मी बी आधी निर्णय सांगतो.


मनकवडी | १३ जून, दुपारी २:४१

तुम्ही निर्णय सांगून फोन ठेवता. आबा काय म्हणतोय ते ऐकायला थांबलात तर विचार करू.


नोटीसवाला | १३ जून, संध्याकाळी ६:२०

विषयांतर करतो, पण 'तो किस्सा पुन्हा कधीतरी' वाचून राहवलं नाही. बँकेत वसुलीला आहे. जामीनदार म्हणजे नुसती सही, असं लोक समजतात. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८: करारात वेगळं ठरलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. आधी त्याच्याकडं जा मग माझ्याकडं या, असं म्हणायची सोय सहसा नसते. कर्ज थकलं तर तुमचाही सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) बिघडतो. माझ्या टेबलासमोर जे जामीनदार येतात त्यातले बहुतेक एकच वाक्य बोलतात, "साहेब, नाही म्हणता आलं नाही." ते लिहून घ्यायला आमच्या फॉर्मात रकाना नाही.


गोदाकाठची | १३ जून, रात्री ९:५५

सगळं वाचलं. पण पुरुषानं 'नाही' म्हटलं तर ठाम, आणि सुनेनं म्हटलं तर तोंडाळ, हे कुणी लिहीना म्हणून मी लिहिते.

गंगाखेडला घरी ब्लाऊज शिवते. लग्नसराईत रात्री एकपर्यंत मशीन चालते. त्यातले निम्मे ब्लाऊज भावकीतले. जाऊ, नणंदा, चुलत सासवा, त्यांच्या शेजारणी. शिलाईचं नाव काढलं की "घरचंच तर हाय." दोरा, हुक, अस्तर माझं. सहा वर्षं असं केलं. मी पण टपरीवाल्यांतलीच, फक्त माझी टपरी म्हणजे कात्री. एकदा रागात कुणाच्या तरी पैठणीचं कापड तिरकं कापलं गेलं. ते भरून दिलं, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

मोठ्या जाऊबाई चार ब्लाऊज घेऊन आल्या. मी म्हणलं, "ठेवा ताई, गुरुवारी देते. शिलाई अडीचशे, अस्तर तुमचं." एका दमात म्हणलं, कारण मधे थांबले असते तर पुढचं निघालंच नसतं. हात असे कापत होते की सुईत दोरा जाईना. त्या म्हणाल्या, "आमच्याकडून पण?" मी म्हणलं, "हो ताई, सगळ्यांकडून." बस्स. पुढं काही सुचलं नाही म्हणून गप बसले. ते गप बसणंच कामाला आलं.

दोन ब्लाऊज परत गेले, दोन राहिले. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. आणि आमचे मामा (सासरे) दुसऱ्या दिवशी उसवलेला पायजमा घेऊन आले, मशीनवर ठेवला, त्यावर वीस रुपये ठेवले, काही न बोलता निघून गेले. घेतले मी.


मनकवडी | १३ जून, रात्री १०:३०

ताई, तुमचं पहिलं वाक्य मी लिहून घेतलंय. मी हे आधीच म्हणायला हवं होतं: तेच वाक्य वेगवेगळ्या माणसाला वेगवेगळं महाग पडतं. आणि जिथं बोललं की हात उगारला जातो तिथं ठाम बोलायचा सराव हा उपाय नव्हे. तिथं आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. मनावर ताण असेल तर टेली-मानस १४४१६. वाचणाऱ्यांत कुणी असेल म्हणून लिहिते.


निवृत्त पोस्टमन, परभणी | १४ जून, सकाळी ६:१०

आमची आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. तेव्हा कळलं नाही. पुढं पस्तीस वर्षं लोकांच्या मनीऑर्डरी पोचवल्या. त्यातल्या कित्येक नुसत्या भिडेपोटी पाठवलेल्या, हे वरच्या मजकुरावरून कळायचं.

पैठणच्या नाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता ते पुन्हा पुन्हा गोदावरीत आंघोळ करून आले. आपण त्यातून 'सहन करावं' एवढंच घेतो. मला ती वेगळी दिसते. त्यांनी आंघोळ सोडली नाही आणि रस्ताही बदलला नाही.


टाकीखालची | १४ जून, सकाळी ११:२५

पोस्टमनकाकांचं वाचून २०१६ चा उन्हाळा आठवला. मी लातूरचीच. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, १४४ कलम, ते आम्ही पाहिलं.

आमच्या गल्लीत टँकर आला की एक जण पाइप थेट आपल्या बॅरलमध्ये सोडायचा. उंचपुरा माणूस, कोण बोलणार? बाया शिव्या घालायच्या, तो ऐकायचा आणि भरायचा. एक शाळामास्तरीण होत्या. त्यांनी एक दिवस खडू आणला आणि सगळ्यांच्या घागरींवर, बादल्यांवर नंबर टाकले. त्याच्या बॅरलवरही टाकला, एकवीस. तो पाइप धरायला आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा एकवीस आहे. सध्या सहावा चालू आहे." तो काहीतरी पुटपुटला. बाई म्हणाल्या, "आता सातवा." पुढं रोजच खडू यायला लागला. माणूस काही सुधारला बिधारला नाही. खडू विसरला त्या दिवशी परत पाइप त्याच्याच हातात.


भिडस्त लातूरकर | १५ जून, रात्री ९:३०

मंडळी, काल फोन केला. मनकवडीताईंनी सांगितलेलं कागदावर लिहून समोर ठेवलं होतं.

घडलं ते असं. आबा म्हणाला, "बोल गा." मी म्हणलं, "आबा, ते पोराचं..." आणि कागद सोडून कारणं द्यायला लागलो. जागा. आई. टेबल. आबानं तिन्ही सोडवली. टेबल तर तो गावाकडून सागवानी पाठवणार आहे. मी म्हणलं... काय म्हणलं असेन ते तुम्हीच ओळखा.

बायकोनं आज भाजीत मीठ घातलं नाही. विसरली म्हणे.


खडूस नांदेडी | १५ जून, रात्री ९:३४

😂😂 टेबल ठेवून घ्या.


मोंढ्यातला मुनीम | १५ जून, रात्री ९:५०

साहेब, फोनवर सौदा करू नका. समोर जा. आणि वाक्य एकच ठेवा, म्हातारीसारखं.


मनकवडी | १५ जून, रात्री १०:०५

मिठाचं बघा आधी. तेही एक बोलणंच आहे, फक्त तोंड न उघडता. घरातल्या घरात तो प्रकार आपल्याकडं फार बहरलाय: भांडं जरा जास्त जोरात ठेवणं, 'आम्हाला कोण विचारतंय' म्हणणं. त्यांना सरळ विचारा, तुला काय वाटतं. निर्णय दोघांचा असू द्या, पण आबाला सांगताना तो तुमचा म्हणून सांगा.


भिडस्त लातूरकर | २२ जून, रात्री ८:१५

गेलो होतो. रविवारी सकाळच्या एसटीनं.

आबा शेतात होता. पेरणी आटोपलेली, लिंबाखाली बसून चंची उघडली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पावसाचं झालं. मग मी म्हणलं, "आबा, पोराला माझ्या घरी ठेवून घेणं जमणार नाही."

त्यानं तंबाखू मळायची थांबवली. "टेबल पाठवतो म्हणलं होतं की."

"टेबलाचं नाही. जमणार नाही."

"दोनच वर्षं हायत."

"माहिताय. घरी ठेवणं नाही जमणार. पण खोली मी बघून ठेवलीय, शिकवणीच्या जवळ. डिपॉझिट मी भरणार. दर रविवारी जेवायला आमच्याकडं. दुखलं खुपलं तर रात्री दोनला मी हजर. तू माझ्यासाठी गोऱ्हा विकलास, ते मी विसरलेलो नाही."

गोऱ्ह्याचं नाव काढल्यावर तो माझ्याकडं बघायचा थांबला, बांधाकडं बघायला लागला. लै वेळ. मग हळूच म्हणाला, "वहिनी नको म्हणली का?"

इथं खरी परीक्षा होती बघा. 'हो' म्हणलो असतो तर मी सुटलो असतो. आबा हसला असता, 'बायकांचं असंच' म्हणाला असता, दोघं भाऊ एक झालो असतो आणि सगळं तिच्या डोक्यावर गेलं असतं. आजवर असं मी किती वेळा केलंय ते इथं लिहीत नाही.

म्हणलं, "आम्ही दोघांनी ठरवलं. पण नको मी म्हणतोय."

"बरं," म्हणाला. तंबाखू तोंडात टाकली. "जेवून जा."

जेवलो. आबाकडच्या वहिनींनी पिठलं-भाकरी केली होती. आबा ताटावर एक शब्द बोलला नाही. एसटीपर्यंत सोडायला आला नाही, पोराला पाठवलं. पोरगं वाटेत म्हणालं, "काका, मला पण खोलीच पायजे होती. पण बापूला सांगता येईना."

आता हा कुणावर गेलाय ते तुम्हीच सांगा.


निवृत्त पोस्टमन, परभणी | २३ जून, सकाळी ६:०५

आबाला वेळ द्या. पत्र पोचलंय.


गोदाकाठची | २३ जून, दुपारी १२:४०

'नको मी म्हणतोय'. दादा, ही ओळ आमच्या ह्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले बघू.


भिडस्त लातूरकर | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. आबाचा महिनाभर फोन नव्हता. मी केले तर उचलून पोराकडं द्यायचा. नागपंचमीला स्वतःहून आला. बोलला एवढंच, की तुरीत पाणी थांबलंय, आणि खोलीचं डिपॉझिट किती भरलंस. आकडा सांगितला. 'बरं' म्हणाला. टेबल काही आलं नाही, वीट अजून तिथंच आहे.

आज संध्याकाळी पुतण्याचा फोन. "काका, मित्राला घेऊन येऊ का जेवायला?"

म्हणलं, "बघू."

बायकोनं पोळीवरचा हात थांबवला आणि माझ्याकडं पाहिलं.

म्हणलं, "ये रे. दोघं या. साडेबाराला या, उशीर करू नका."